कविवर बनारसीदास यांचा संसार

हिंदी जैन साहित्यात कविवर पंडित बनारसीदास यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आचार्य कुंदकुंदांच्या समयसाराचा आशय सर्वसामान्य श्रावकापर्यंत पोहोचविणारे समयसार नाटक त्यांनी संवत् १६९३ मध्ये पूर्ण केले आणि ते आजही अनेक मंदिरांतील स्वाध्यायात वाचले जाते. परंतु अध्यात्माच्या या थोर कवीचा दिवसाचा पुष्कळसा वेळ जवाहिर व कापडाच्या व्यापारात जात असे आणि त्यांनी एकूण तीन वेळा संसार मांडला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वस्तुतः ती त्यांनी स्वतःच, काहीही हातचे न राखता, अर्धकथानक या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ६७५ पद्यांचा हा ग्रंथ हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानला जातो. मुंबईत पं. नाथूराम प्रेमी यांनी तो १९४३ साली संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे लक्ष विशेषतः त्यातील अकबर-जहांगीरकालीन वर्णनांकडे गेले. त्यातील घर मात्र बरेचसे दुर्लक्षित राहिले. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह आणि पंचावन्नाव्या वर्षी आत्मचरित्र, अशी ही उणीअधिक ४४ वर्षांची गृहस्थी आहे.

बनारसीदासांचा जन्म संवत् १६४३ च्या माघ शुद्ध एकादशीस (इ.स. १५८६-८७) गोमती नदीकाठच्या जौनपूर येथे एका श्रीमाळ जैन कुटुंबात झाला. वडील खरगसेन हे जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. त्यांचे पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत गेले होते, त्यामुळे हा मुलगा नवसासायासाचा होता. त्याचे मूळ नाव विक्रमाजीत. काशीला पार्श्वनाथांच्या दर्शनास नेले असता तेथील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून नगरीचेच नाव त्यास देण्यात आले.

नवव्या वर्षी खैराबाद येथील एका मुलीशी सोयरीक ठरली व अकराव्या वर्षी लग्न झाले. खैराबाद हे सध्याच्या उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यातले गाव होय. नवी सून ज्या दिवशी जौनपूरच्या घरात आली, त्याच दिवशी घरातील वृद्ध आजीने देह ठेवला आणि त्याच दिवशी खरगसेनांना कन्यारत्नही झाले. एकाच छपराखाली एकाच दिवशी मृत्यू, जन्म आणि वधूप्रवेश! बनारसीदासांनी हा योग मोठ्या आश्चर्याने नोंदविला आहे. पुढे त्यांच्या घरात या तिन्ही गोष्टी वारंवार एकमेकींच्या हातात हात घालूनच येत राहिल्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, संवत् १६५५ मध्ये, जौनपूरचा सुभेदार नवाब किलीच खान याने जवाहिऱ्यांवर संकट आणले. मागितलेली वस्तू मिळाली नाही म्हणून त्याने त्यांना कोंडले व फटके मारले. सुटका होताच मंडळी मिळेल त्या दिशेने पांगली. खरगसेनांचे कुटुंब भर पावसात शहजादपूरला गेले. ते संकट निवळल्यावर पुन्हा जौनपूरला येऊन मुलाचे शिक्षण सुरू झाले. पंडित देवदत्तांकडे त्याने कोश, ज्योतिष, अलंकार असे बरेच काही शिकून घेतले. त्याच सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला दुसराही नाद लागला. बनारसीदासांनी त्यास स्पष्टपणे आशिकी असेच नाव दिले आहे. वडिलांच्या पेटीतील माणके चोरून विकायची आणि प्रेमपात्रासाठी पानविडे व मिठाई न्यायची, असा क्रम सुरू झाला. लग्नाची पत्नी तेव्हा माहेरी होती. याच काळात त्यांनी प्रेमाच्या विषयावर सुमारे एक हजार पद्यांचे काव्यही रचले. मित्रमंडळींत त्याचे कौतुक झाले असणार यात शंका नाही, कारण भाषेवर हुकमत विलक्षण होती.

संवत् १६५९ च्या सुमारास पत्नीला रीतसर आणण्यासाठी, म्हणजे तिकडे ज्याला गौना म्हणतात त्या विधीसाठी, बनारसीदास थाटामाटाने खैराबादला गेले. जावयाचा पाहुणचार सुरू होऊन महिनाभर लोटला असेल नसेल, तोच त्यांना एका भयंकर व्याधीने ग्रासले. सर्वांग कुष्ठ झाल्याप्रमाणे दिसू लागले, हाडे ठणकू लागली, केस गळाले आणि हातापायांवर असंख्य फोड उठले. आजचे काही अभ्यासक या व्याधीचा संबंध त्यांच्या आशिकीशी जोडतात. स्वतः बनारसीदास तिला आपल्या अशुभ कर्माचा उदय म्हणून मोकळे होतात. सासरा व मेहुणा त्यांच्यासोबत जेवायला बसेनासे झाले. दुर्गंधीमुळे कोणी जवळ येत नसे.

जवळ राहिल्या त्या दोघीच, पत्नी आणि सासूबाई. अंगाला औषध लावणे आणि तोंडात घास भरवणे ही कामे त्या दोघींनी केली. अजून या पतिपत्नींचा संसार म्हणावा असा सुरूही झाला नव्हता. एकमेकांची ओळख जेमतेम महिन्याची. ज्याच्यासाठी ती माहेर सोडून निघणार होती, तो असा अंथरुणावर पडलेला. तिने त्या वेळी काय मनात आणले असेल याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. बनारसीदासांनी फक्त तिचे काम लिहिले आहे. गावातील एका न्हाव्याला या रोगाची चिकित्सा ठाऊक होती. त्याने अळणी हरभऱ्याचे पथ्य देऊन उपचार चालविले आणि काही महिन्यांनी रोगी खडखडीत बरा झाला. बनारसीदासांनी न्हाव्याला बक्षीस दिले व ते जौनपूरला परतले, पण एकटेच. सासरच्यांनी मुलीला सोबत धाडले नाही. आईवडिलांनी मुलाची अवस्था पाहून शोक केला, दोन कठोर शब्दही ऐकविले. काही महिन्यांनी ते पुन्हा खैराबादला गेले आणि या वेळी पत्नीला घेऊन आले. एवढे सारे होऊनही, घरी आल्यावर आशिकी पुन्हा सुरू झाली, हे त्यांनी लपविलेले नाही.

ज्या मुलीने फोडांवर लेप लावला तिच्या नशिबी हे यावे, याचा वाचताना राग येतो. तो येणे योग्यच आहे. मात्र हे सारे आज आपल्याला कळते ते खुद्द अपराध्याने लिहून ठेवले म्हणून, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवावे लागेल.

त्या वयातील त्यांची बुद्धी कोठे कोठे भटकत होती याचे एक उदाहरण मौजेचे आहे. एका संन्याशाने दिलेला मंत्र गुप्तपणे, तोही शौचकूपात बसून, वर्षभर जपला तर दारात रोज एक सोन्याचे नाणे सापडेल, या आमिषाला ते बळी पडले. वर्ष संपले, नाणे मिळाले नाही. जवाहिऱ्याच्या मुलाने असा सौदा करावा हे नवलच!

संवत् १६६२ मध्ये, म्हणजे १६०५ साली, अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरात येऊन थडकली. बनारसीदास त्या वेळी जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच घेरी येऊन ते खाली कोसळले व कपाळ फुटले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. शहरात दहा दिवस भीतीचे साम्राज्य होते. दुकाने बंद झाली, लोकांनी चांगली वस्त्रे लपवून जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली. पुढे जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. याच वर्षी बनारसीदासांनी एके दिवशी मित्रांसमवेत गोमतीच्या पुलावर बसून आपले ते हजार पद्यांचे काव्य वाचले आणि वाचता वाचता त्यांचे मन फिरले. एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो, मग ज्यात एकही गोष्ट खरी नाही असे एवढे मोठे काव्य रचणाऱ्याचे काय होणार, असा विचार करून त्यांनी पाने नदीत सोडून दिली. मित्र हळहळले. वडिलांना मात्र मुलगा मार्गावर आल्याचा आनंद झाला.

प्रेमाविषयीच्या त्या ग्रंथात एकही गोष्ट खरी नव्हती, ही कबुली महत्त्वाची आहे. खैराबादची शुश्रूषा घडून दोन-तीन वर्षे झाली होती आणि ती त्या काव्यात कोठेही नव्हती.

त्यानंतर प्रपंचाची खरी परीक्षा सुरू झाली. संवत् १६६७ मध्ये खरगसेनांनी मुलाला जवाहिर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड असा माल देऊन आग्र्यास पाठविले. घराचा भार आता तू उचल, असा त्यामागे हेतू होता. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले. आग्र्यात पोहोचल्यावर तूप व तेल कसेबसे खपले, कापडात मात्र तोटा आला. जवाहिराची तर दैनाच झाली. इजारीत ठेवलेली काही रत्ने नाडा तुटून वाटेत गळाली. काही माणके नाड्याच्या टोकाला बांधून इजार दोरीवर टांगली होती, ती उंदराने कुरतडून नेली. परक्या शहरात नवखा व्यापारी कसा बुडतो याचे इतके बारकाईचे वर्णन आपल्या जुन्या साहित्यात क्वचितच सापडेल. माल गेला, भांडवल गेले. घरातील वस्तू विकून दिवस काढण्याची पाळी आली. रात्री ते मधुमालती व मृगावती ही काव्ये दहावीस श्रोत्यांना वाचून दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडे त्यांनी सहासात महिने उधारीवर कचोऱ्या खाल्ल्या. आपल्याकडे पैसे नाहीत हे त्यांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितले, तरी त्याने उधारी बंद केली नाही. पुढे धरमदास नावाच्या भागीदारासोबत व्यापार केला तेव्हा या कचोऱ्यांचे १४ रुपये त्यांनी चुकते केले. भागीदारीचा हिशेब झाला तेव्हा जेवढे मिळविले तेवढेच खर्च झाले होते. हातात शून्य.

जौनपूरला वडिलांसमोर रिकाम्या हाताने उभे राहण्याची लाज वाटत होती. संवत् १६७० मध्ये बनारसीदास आग्र्याहून निघाले ते थेट सासरी, खैराबादला. पत्नी तेव्हा तेथेच होती. दिवसभर जावई म्हणून मानपान झाला. रात्री पत्नीने आग्र्याच्या व्यापाराची विचारपूस केली. प्रारंभी त्यांनी झाकपाक केली, पण तिच्यापुढे ती टिकली नाही आणि सर्व हकीकत बाहेर पडली.

या प्रसंगी तिने केलेली कृती व्यापारी समाजाने मुद्दाम वाचावी अशी आहे. तिने रडारड केली नाही, बोल लावला नाही, वडिलांकडून मिळालेल्या मालाचे काय केलेस असा जाब मागितला नाही. स्वतःजवळ साठवून ठेवलेले २० रुपये तिने आणून पतीच्या हाती दिले आणि माणूस जिवंत असेल तर सारे पुन्हा उभे राहते असा धीर दिला. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप आपल्या आईला विश्वासात घेतले. पती लज्जेने पुन्हा कोठेतरी निघून जाईल ही भीती तिने आईला बोलून दाखविली व ही गोष्ट कोणाच्या कानावर जाऊ देऊ नये अशी विनवणी केली. त्या माउलीने २०० रुपये काढून मुलीकडे दिले. जावयाला रोगात घास भरविणारी हीच सासू होय. त्या रात्री पत्नीने ते पतीला दिले. घरातील पुरुषमंडळींना याचा पत्ता लागला नाही.

या २० रुपयांचे मोल समजण्यासाठी त्या काळच्या स्त्रीच्या हातात रोकड येण्याचे मार्ग किती थोडे होते ते ध्यानात घ्यावे. सणासुदीला आलेली ओवाळणी, कोणी वडीलधाऱ्याने दिलेला रुपया, असे करीतच ते जमले असणार. कचोरीवाल्याने सहा महिने खाऊ घातले ते १४ रुपयांत. म्हणजे तिची ही शिल्लक एका माणसाच्या आठनऊ महिन्यांच्या पोटापुरती होती. ती तिने अशा माणसाच्या हाती दिली की ज्याने वडिलांचे जवाहिर उंदराला खाऊ घातले होते. आणि लज्जा राखून दिली. संसारात पैसा देणारे पुष्कळ भेटतात, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता देणे सर्वांना साधत नाही.

बनारसीदास उमेदीने कामाला लागले. खैराबादमध्ये राहून त्यांनी कापड घेतले, ते धुऊन तयार करविले, काही मोती घेतले आणि तेवढ्या मुक्कामात नाममाला हा कोशग्रंथही लिहून पूर्ण केला. मन स्थिर झाल्याचे याहून वेगळे लक्षण कोणते द्यावे? मग ते आग्र्याला गेले. आता सारे सुरळीत होईल अशी वाचकाची अपेक्षा असते. पण बाजारपेठ कोणाच्या पुण्याईवर चालत नाही. आग्र्यात नेमका कापडाचा भाव पडला होता व खैराबादी कापडात पुन्हा नुकसान झाले. मोत्यांनी तेवढी थोडी लाज राखली.

याच काळात नरोत्तमदास नावाचा जिवलग मित्र त्यांना लाभला. दोघे मिळून व्यापारासाठी आग्रा, जौनपूर, बनारस, पाटणा असे फिरले. पतिपत्नींना एकत्र असे दिवस फार थोडे मिळाले. पती पेठांच्या वाटांवर, पत्नी जौनपूरला किंवा माहेरी, आणि मधे महिनोन्महिने एखादे पत्र. तिला झालेली मुले जगत नव्हती. अशाच एका व्यापारी प्रवासात त्यांच्या हाती पत्र पडले. मुलगा झाला, परंतु थोड्याच दिवसांत बाळ आणि बाळंतीण दोघेही गेले. त्याच पत्रात पुढे मजकूर होता की तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळ सांगून आले असून नारळ स्वीकारून सोयरीक पक्की करण्यात आली आहे.

ज्या स्त्रीने दोन वेळा आपल्याला मरणाच्या व नाचक्कीच्या दारातून परत आणले तिचा मृत्यू, आणि तिच्या बहिणीशी ठरलेला विवाह, या दोन्ही वार्ता एकाच कागदावर! बनारसीदासांनी आपल्या मनाला लोहाराच्या सांडशीची उपमा दिली आहे, जी एका क्षणी विस्तवात असते व दुसऱ्या क्षणी पाण्यात. रूढीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी हे ठरविले होते आणि त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नसावे. तरीही त्या उपमेतून कवीचे होरपळणे स्पष्ट दिसते.

येथे एक उणीव सांगितली पाहिजे. नरोत्तमदासाची स्तुती करणारे पद्य बनारसीदासांनी रचले आणि ते भाटाप्रमाणे रोज म्हणत. भागीदारांची, शिक्षकांची, मित्रांची नावे अर्धकथानकात ठायी ठायी आहेत. पत्नीचे नाव मात्र नाही. तिघींपैकी एकीचेही नाही. पत्नीचे नाव चारचौघांत न घेण्याची त्या काळची मर्यादा हे त्याचे कारण म्हणता येईल. परंतु स्वतःची आशिकी, स्वतःचा रोग, स्वतःची चोरी सांगताना ज्यांनी कोणतीच मर्यादा पाळली नाही, त्यांनी ही एक पाळावी हे मनाला खुपते.

संवत् १६७३ मध्ये वडील वारले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली. घरात उंदीर पडत आणि पाठोपाठ माणसे. शहर ओस पडले, बनारसीदासही काही काळ बाहेरच्या खेड्यात जाऊन राहिले. दुसरी पत्नी घरात आली, तिलाही अपत्ये झाली, तीही गेली आणि काही वर्षांनी तीही गेली. तिच्याविषयी ग्रंथात याहून फारसे काही नाही. संवत् १६८० च्या सुमारास तिसरा विवाह झाला, तोही खैराबादलाच. त्याच गावात त्या वर्षी अर्थमल्ल ढोर या गृहस्थांनी समयसारावरील पं. राजमल्लांची टीका त्यांच्या हाती दिली. ज्या गावाने त्यांना सेवा दिली, भांडवल दिले, त्याच गावाने अध्यात्माची वाटही दाखविली, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आरंभी त्या वाटेवर तोल गेला. क्रियाकांडावरची श्रद्धा उडाली, पण निश्चयनयाचा अर्थ नीट उलगडला नाही. तीन मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून आपण मुनी आहोत असे म्हणत फिरण्यापर्यंत मजल गेली. लोक नावे ठेवू लागले. घरात नुकतीच आलेली तिसरी पत्नी, बाहेर लोकापवाद, आणि आत घरधनी सर्व परिग्रह मिथ्या असल्याचा पाठ गिरवीत आहेत, हे चित्र तिच्या बाजूने पाहिले म्हणजे विनोदी वाटत नाही. संवत् १६९२ मध्ये पं. रूपचंद आग्र्यात आले. त्यांनी गोम्मटसाराचे वाचन करून गुणस्थानांचा क्रम समजावून दिला, तेव्हा बनारसीदासांच्या विचारांना स्थैर्य आले. गृहस्थाने आपल्या पायरीवर राहून करावयाच्या क्रिया त्यांना पुन्हा पटल्या. पुढच्याच वर्षी समयसार नाटक पूर्ण झाले. घर सोडून ते गेले नाहीत.

तिघी पत्नींपासून त्यांना सात पुत्र व दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी एकही वाचले नाही. बहुतेक पाळण्यातच गेली. शेवटचा मुलगा काही वर्षांचा झाला होता, आता हा तरी राहील अशी आशा वाटू लागली होती. संवत् १६९६ मध्ये तोही गेला. आत्म्याचे अलिप्तत्व ज्यांनी शेकडो पद्यांत सांगितले, त्या कवीला या शोकातून सावरणे फार जड गेले आणि आपल्याला मोहाने गाठले हे त्यांनी स्वच्छ लिहिले. ज्ञान झाल्यावर दुःख होत नाही असा आव त्यांनी आणला नाही.

दोन वर्षांनी, संवत् १६९८ च्या मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, सोमवारी, आग्रा येथे त्यांनी अर्धकथानक संपविले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून ५५ वर्षांची ही अर्धी कथा, असा त्या नावामागचा हिशेब होता. उरलेले अर्धे त्यांच्या वाट्याला आले नाही. संवत् १७०१ मध्ये जगजीवन या त्यांच्या चाहत्याने बनारसीविलास नावाने त्यांच्या रचना एकत्र केल्या, तेव्हा ते हयात नव्हते. मात्र त्या मार्गशीर्षात ते घरी होते आणि तिसरी पत्नीही घरी होती. तीन लग्ने आणि नऊ अपत्ये मोजून झाल्यावर त्यांनी आपल्या घराची स्थिती सांगितली आहे. पानगळीनंतर उभ्या राहिलेल्या वृक्षांप्रमाणे आता आम्ही स्त्रीपुरुष दोघेच उरलो आहोत, असा त्या पद्याचा आशय आहे.